अडतीस वर्षं वाळूत

एम.ए.च्या पहिल्या तासाला सर वर्गात आले आणि पहिल्या बाकाकडं बघून दारातच थबकले. तिथं साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पिकलेल्या मिशा. सरांना वाटलं, कुणीतरी तपासणीला आलंय. ते अदबीनं म्हणाले, "नमस्कार. आपण?"

गृहस्थ उठून उभे राहिले. "विद्यार्थी. रोल नंबर एकोणीस."

मागच्या बाकांवर हशा पिकला. मीही हसले. ते मागं वळून आमच्याकडं बघत म्हणाले, "हसा की. मी बी हसलोय घरातनं निघताना."

आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. त्यांना ते आवडायचं नाही. "काका घरात. हितं एकोणीस म्हणा," असं ते वर्षभर सांगत राहिले आणि आम्ही वर्षभर काकाच म्हणत राहिलो. ते मात्र वर्गातल्या सगळ्या मुलांना बरोबरीनं 'भावा' म्हणायचे. आम्हा मुलींना 'पोरी'.

ते कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचे. अडतीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. मोल्डर म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. वाळूचा साचा भरायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडायचा आणि आतला भाग बाहेर काढायचा. "म्हंजी बग," ते सांगायचे, "अडतीस वर्षं मी जे केलं ते रोज सांच्याला फोडून टाकलं. माझ्या हातचं काम कुणी बगितलंच न्हाय. बगितलं ते लोखंड."

हे सांगताना आवाजात तक्रार नसायची. एखादा आपल्या गावाचं नाव सांगतो, तसं सांगायचे.

शिकण्याचं त्यांनी एवढं का मनावर घेतलं होतं, ते एकदा कँटीनमध्ये कळलं. त्यांच्या वडलांनी धम्म घेतला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं की आता शिकायचं. काका दहावीला नापास झाले. "बा काय बोलला न्हाय. नुसता बगत बसला. ती नजर अजून पाठीवर हाय." मग फाउंड्रीत असतानाच त्यांनी बाहेरून दहावी काढली, बारावी काढली, सात वर्षं घालवून बी.ए. काढलं. निवृत्त झाले त्याच्या पुढच्या महिन्यात प्राचीन इतिहासाचा फॉर्म भरून मोकळे.

वर्गात त्यांचा सरांना त्रास व्हायचा. सर म्हणायचे, "या थरात तांब्याची भांडी सापडली," की काकांचा हात वर.

"सर, घावली कुणाला?"

"उत्खननाच्या प्रमुखांना."

"त्येंच्या हातात खोरं हुतं?"

"नाही, मजुरांच्या."

"मग त्या मजुराचं नाव?"

सर पुस्तक उघडून बघायचे. पुस्तकात नाव नसायचं. काका खाली बसायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. एकदा मी डोकावून बघितलं. समासात लिहिलेलं होतं, 'मजूर. नाव म्हाईत न्हाय.' अशा नोंदी पानोपानी होत्या.

दुसरी त्यांची खोड म्हणजे 'दिसलं का बगितलंस?' आम्ही सहलीला कुठल्या लेण्यात, किल्ल्यावर गेलो की कुणीतरी म्हणायचं, इथं मूर्ती आहे, इथं पायऱ्या आहेत. काका लगेच विचारायचे, "दिसलं का बगितलंस?" म्हणजे पायऱ्या किती, झिजल्यात कुठल्या बाजूनं, ते सांग. सांगता आलं नाही तर नुसतं दिसलं. आणि रस्त्यात कुठंही ते माती उचलायचे, मूठ आवळायचे, उघडायचे आणि तयार झालेला लाडू अंगठ्यानं मधोमध मोडायचे. मोड सरळ आली की मान हलवायचे. ओल किती आहे ते त्यांना त्यातून कळायचं. मग हात पँटला पुसायचे आणि काकू घरी त्यावरून बोलायच्या.

पेठेच्या फुटबॉल संघाचा सामना असला की ते तासाला यायचे नाहीत. मात्र रीतसर रजेचा अर्ज द्यायचे. 'विषय : सामना असल्याने गैरहजर राहणेबाबत.' विभागप्रमुखांनी असला एक अर्ज टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा विभागाच्या फलकावर एक सूचना लागली. सायप्रसमधल्या एका गावात उन्हाळी उत्खनन होतं, इंग्लंडच्या एका विद्यापीठाचं. विद्यार्थी स्वयंसेवक हवे होते. राहणं-जेवण त्यांचं, जाणं-येणं आपलं. मी अर्ज भरायचं ठरवलं. काकांनी सूचना दोनदा वाचली आणि म्हणाले, "वयाचं काय लिवलंय?"

"काही नाही."

"मग मी बी विद्यार्थीच हाय की. माझा बी भर."

इंग्रजी अर्ज मीच भरला. 'खोदकामाचा पूर्वानुभव' या रकान्यापाशी मी थांबले. ते म्हणाले, "लिव्ह, अडतीस वर्षं वाळूत." मी हसत हसत तसंच लिहिलं. दोघांचीही निवड झाली.

आमच्या घरी मात्र नकार होता. आम्ही शहरालगतच्या कळंब्याचे, घरी म्हशी, दुधाचा धंदा. पप्पांचं म्हणणं एकच, एकटी पोरगी एवढ्या लांब नाही पाठवायची. मी रडले, जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. हे काकांना कळल्यावर ते एका रविवारी सायकलवरून आमच्या घरी आले. गोठ्यातच पप्पा भेटले. मी आतून ऐकत होते. तासभर दोघं म्हशींबद्दल बोलले, शेणखताबद्दल बोलले, तळ्याच्या काठच्या काळ्या मातीबद्दल बोलले. माझा विषयच नाही. निघताना सायकलला टांग मारत काका म्हणाले, "पावणं, मी बी चाललोय तिकडं. मला इंग्रजी बोलाय येत न्हाय. पोरगी संगं नसली तर माझं कसं व्हायाचं?"

पप्पा रात्री जेवताना आईला म्हणाले, "त्या म्हाताऱ्या माणसाची सोय व्हायला पायजे. जाऊ दे तिला."

म्हणजे मी सायप्रसला गेले ते त्यांच्यामुळे. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते त्याशिवाय कळणार नाही.

तिथं गावातल्या बंद असलेल्या शाळेत आमची राहायची सोय होती. वेगवेगळ्या देशांतली वीसेक मुलं-मुली, सगळी विशी-बाविशीतली. आणि काका. उत्खननाच्या प्रमुख एक उंच, उन्हानं रापलेल्या बाई होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मोठ्या आदरानं काकांचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत विचारलं, "अडतीस वर्षं! कुठल्या वाळवंटात?"

काका माझ्याकडं बघायला लागले. मी मराठीत सांगितलं.

"वाळवंट कसलं? उद्यमनगर," काका म्हणाले.

मला सगळा खुलासा करावा लागला. बाई खूप हसल्या. पण त्यानंतर त्यांनी काकांचं वय बघितलं, बाहेरचं ऊन बघितलं आणि त्यांना खड्ड्यातून काढून ऑलिव्हच्या झाडाखाली सावलीत बसवलं. काम काय, तर खड्ड्यातून आलेली खापरं टबात धुवायची आणि ट्रेमध्ये वाळत घालायची. चांगल्या मनानंच केलं होतं त्यांनी ते. काकांचा चेहरा उतरला. पण बोलले एवढंच, "धुतो की. धुताना तरी हातात येतंय."

गावात मात्र त्यांचं छान जमलं. संध्याकाळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात म्हातारी माणसं टीव्हीवर फुटबॉल बघत बसायची. काका त्यांच्यात जाऊन बसले. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशीपासून "अरं मार की! कुणाची वाट बगतोयस?" असा आवाज शाळेपर्यंत ऐकू यायला लागला आणि आठवड्याभरात ती सगळी म्हातारी गोल झाला की "मारकी! मारकी!" ओरडायला लागली.

मला याची मजा वाटायला हवी होती. पण मी बावीस वर्षांची होते, पहिल्यांदा कोल्हापूर सोडून एवढ्या लांब आले होते आणि मला त्या मुलांमध्ये त्यांच्यासारखं दिसायचं होतं. काका जेवणाआधी मोठ्यानं चूळ भरायचे. मातीचा लाडू करून मोडायचे, नाकाशी न्यायचे. एक मुलगा त्यांची हुबेहूब नक्कल करायचा आणि सगळे हसायचे. त्यात वाईट हेतू नव्हता. पण मी त्यांच्याबरोबरची, म्हणून माझ्याकडं बघून हसताहेत असं मला वाटायचं. मी हळूहळू त्यांच्यापासून लांब बसायला लागले. त्यांनी हाक मारली की पटकन दुभाषाचं काम उरकायचं आणि निघायचं.

एका सोमवारी दुपारी आम्ही सगळेच खापरं धूत होतो. खापरं निवडणारा एक तरुण संशोधक होता, तो ट्रे बघत बघत फिरत होता. नक्षी असलेलं, काठ असलेलं बाजूला ठेवायचं. नुसते भाजलेल्या मातीचे गोळे असले तर मोजून टाकून द्यायचे, अशी पद्धत. काकांनी त्या टाकायच्या गोळ्यांतला एक फुटका उचलला आणि मला हाक मारली. आवाज त्यांचा फाउंड्रीतला.

"पोरी! हिकडं ये! ह्ये बग. आतनं बारीक माती, भाईरनं भरड. दिसतंय? आमच्याकडं बी असंच. धातू जिथं लागतो तिथं बारीक वाळू, मागनं भरड. ह्यो साचा हाय. फोडलेला साचा! त्या पोराला सांग, टाकू नगो म्हणावं!"

सगळे आमच्याकडं बघत होते. नक्कल करणाऱ्या मुलानं एक गोळा उचलून नाकाशी नेला होता. मुली तोंड दाबून हसत होत्या. संशोधकानं मला विचारलं, "काय म्हणताहेत?"

मी इंग्रजीत म्हणाले, "काही नाही. जेवण कधी आहे, विचारताहेत."

हशा झाला. संशोधकानं प्रेमानं काकांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "लवकरच, लवकरच." काकांनी माझ्याकडं बघितलं. मग हातातला गोळा हळूच ट्रेमध्ये ठेवला आणि पुढचं खापर धुवायला घेतलं.

मंगळवारी सकाळी ते गोळे खोदून काढलेल्या मातीच्या ढिगावर गेले. मी घमेलं जाताना बघितलं. आत्ता धावत जाऊन सांगावं, असं वाटलं आणि मी गेले नाही. आता सांगायचं तर काल खोटं बोलले हेही सांगावं लागलं असतं. त्या दिवशी दुपारी काकांनी नेहमीसारखी आपल्या वाटणीची कलिंगडाची फोड माझ्या ताटात ठेवली. त्यांना कलिंगड आवडत नाही, असं ते सांगायचे. ती फोड मी ताटात तशीच ठेवून उठले.

बुधवारी सकाळी आमच्या खड्ड्यात एक काळी राखेची जागा लागली. त्यात हिरवट थेंब होते, पितळी मण्यांएवढे. वितळलेल्या धातूचे. प्रमुखबाई गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ ते बघत होत्या. मग म्हणाल्या, "इथं कुणीतरी ओतकाम केलंय. पण साच्याचा एखादा तुकडा मिळाल्याशिवाय मी हे ठामपणे म्हणू शकत नाही. एक तुकडा मिळायला हवा होता."

मी हातातली माती खरवडायची करणी खाली ठेवली. मी तिथंच, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं. सोमवारी काका काय म्हणाले, मी काय सांगितलं आणि का सांगितलं. शेवटचं वाक्य बोलताना मला रडू फुटलं. खड्ड्यात कुणी हसत नव्हतं.

बाईंनी एवढंच विचारलं, "काल किती वाजता फेकले?"

"सातच्या सुमाराला."

"म्हणजे त्यावर एका दिवसाची माती पडली. चाळणी घे."

मग त्या तडक झाडाखाली गेल्या आणि काकांसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. मीही मागोमाग गेले. काकांना म्हणाले, "काका, तुमचं ते परवाचं मी सांगायला विसरले होते." तेवढ्यातही मी खोटंच बोलले.

"बरं," काका म्हणाले. "आता सांगितलंस न्हवं?"

बाईंना त्यांनी तोंडानं काही समजावलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडून एक मोठा चमचा मागून घेतला. बारीक माती चाळून भिजवली, मुठीत धरून मोडून बघितली, चमच्याभोवती दाबली, वरनं भरड माती चढवली. सुरीनं मधोमध कापून दोन भाग केले आणि चमचा अलगद उचलला. आत चमच्याची पोकळी जशीच्या तशी. मग त्यांनी तो साचा जमिनीवर आपटून फोडला आणि त्यातला एक तुकडा प्रमुखबाईंच्या हातावर ठेवला. आत बारीक, बाहेर भरड. नक्कल करणारा मुलगा सगळ्यांत आधी चाळणी घ्यायला पळाला.

तीन दिवस आम्ही तो ढीग चाळला. काका आता सावलीत बसायला तयार नव्हते आणि त्यांना बसा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. डोक्याला टॉवेल बांधून ढिगावर उभे राहून ते कोल्हापुरीत हुकूम सोडायचे आणि मी एकेक शब्द, काही न गाळता, इंग्रजीत सांगायचे. सतरा तुकडे मिळाले. पाच एकमेकांना जुळले आणि आत एक वाकडी पोकळी तयार झाली.

"कुऱ्हाड," काकांनी ठणकावून सांगितलं. "पातं हाय कुऱ्हाडीचं." बाईंनाही तसंच वाटलं. वहीत तसं लिहिणार, एवढ्यात स्वयंपाकाच्या बाई भाजीची टोपली घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. तुकड्यांकडं बघून त्यांनी मान हलवली आणि वाकून हवेतल्या हवेत गवत कापून दाखवलं. विळा. पोकळीला टोकाशी बाक होता, तो आम्हा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. मी तर म्हशींच्या घरातली, रोज विळा बघत वाढलेली.

काका कपाळावर हात मारून हसायला लागले. "मला नुसतं दिसलं. बगितलं त्या बाईनं." मग मला म्हणाले, "तिचं नाव इचार. वहीत लिवाय सांग." प्रमुखबाईंनी ते लिहिलं.

परत आल्यावर दुसऱ्या वर्षाला काकांना एका विषयात पुन्हा बसावं लागलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. उलट आणखी सहा महिने ओळखपत्र राहिलं म्हणून खूश होते. आता ते पाली शिकताहेत, पहिल्या बाकावर बसून. मी एका कॉलेजात शिकवते. माझ्या मुलांना खापरं दाखवते तेव्हा आधी हातात देते, नाव मागून सांगते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट सायप्रसहून आल्यानंतरच्या दिवाळीतली. प्रमुखबाईंनी उत्खननाच्या अहवालासाठी साच्यांवर एक टिपण मागितलं होतं, आमच्या दोघांच्या नावानं. काकांचं नाव आधी. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी आम्ही लिहायला बसलो. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी संघानं जिंकलेल्या कुठल्याशा सामन्याचा फोटो. काकू थालीपीठं थापत होत्या. काका सांगत होते, मी लिहीत होते. तुकडे कुठं मिळाले, या भागाशी आलो आणि मी एक वाक्य स्वतःच्या मनानं घातलं, मग ते मराठीत वाचून दाखवलं. 'हे तुकडे आधी टाकून दिले गेले, कारण त्यांच्याबद्दलचं म्हणणं सोबतच्या स्वयंसेविकेनं पुढं पोचवलं नाही.'

वाचताना मान वर होईना. मी म्हणाले, "काका, मी विसरले नव्हते. मला लाज वाटत होती, तुमची. म्हणून सांगितलं नाही."

"म्हाईत हाय की," काका म्हणाले. "ते वाक्य खोड. त्यात मातीचं काय हाय? 'टाकलेल्या ढिगातनं घावले' एवढं लिव्ह. ते खरं हाय."

"माहीत आहे म्हणजे? कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? मी तितंच बसलतो की. 'जेवण कधी हाय' म्हणालीस." ते मिशीत हसले. "पोरी, अडतीस वर्षं इंजिनिअर लोकांच्या हाताखाली काढली. मला इंग्रजी बोलाय येत न्हाय. ऐकू येतंय."

ते सगळे दिवस मी त्यांना एकेक वाक्य मराठीत करून सांगत होते आणि ते शांतपणे ऐकून घेत होते.

"मग तुम्ही स्वतः का नाही सांगितलं त्यांना? हातानं, खुणेनं, कसंही? ते तुकडे गेले असते ना कायमचे!"

"ढीग कुठं पळून जातोय? तितंच असतोय ढीग." काकूंनी पुढं केलेलं थालीपीठ त्यांनी मोडून अर्धं माझ्या ताटलीत टाकलं. "तू सांगशील म्हणून थांबलतो. दीड दिस लागला तुला. मी तीन धरलंतं."

मग वहीवर बोट ठेवून म्हणाले, "लिव्ह फुडं."